ड्राइव्ह आहे, ड्रायव्हर नाही

जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, हार्डवेअर मिळवणं हे त्यातलं सोपं काम. पुण्यातला जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुणाच्या तरी माळ्यावरचं खोकं, कुठून ना कुठून ड्राइव्ह मिळतोच, आणि नव्वदच्या दशकातला माल इतका दणकट की पॉवर दिली की बरेचदा दिवा लागतो, मोटर फिरायला लागते, आणि मग पुढे काहीच होत नाही. कारण त्या ड्राइव्हशी बोलायचं कसं हे ज्या फाइलमध्ये होतं ती वीस-पंचवीस केबीची फाइल, म्हणजेच ड्रायव्हर, कुठेच नसते. ती एका फ्लॉपीवर आलेली असते, फ्लॉपी खोक्याबरोबर फेकलेली असते, कंपनी बुडालेली असते आणि कंपनीची वेबसाइट तर त्याच्याही आधी गेलेली असते.

गेले काही महिने मी अशाच एका फाइलच्या मागे होतो. ती मिळाली. कशी मिळाली ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण मराठीत यावर मला काही सापडलं नाही आणि आपल्याकडे प्रेसवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, सीएंच्या कपाटात असे ड्राइव्ह अजून पडलेले आहेत याची मला खात्री आहे.

ड्राइव्ह आहे सायक्वेस्टचा ईझेड १३५, बाहेरून लावायचा, पॅरलल पोर्टवाला, म्हणजे जिथे प्रिंटर लागायचा तिथे लागणारा. १९९५ साली आला. १३५ एमबीची कार्ट्रिज, आत साडेतीन इंचाची कडक तबकडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच पण काढता-घालता येणारी. त्याच वर्षी आयोमेगाचा झिप बाजारात आला, त्याची डिस्क १०० एमबीची आणि आतून फ्लॉपीसारखी लवचिक. ईझेड वेगाने झिपच्या पुढे होता, जागाही जास्त द्यायचा, तरी बाजार झिपने मारला. सायक्वेस्ट ही फ्रीमॉंट, कॅलिफोर्नियातली कंपनी, १९८२ मध्ये सय्यद इफ्तिकार यांनी काढलेली, आणि हे गृहस्थ त्याआधी सीगेटच्या संस्थापकांपैकी एक होते. अमेरिकेत छपाईच्या धंद्यात सायक्वेस्टची ४४ एमबीची कार्ट्रिज म्हणजे एकेकाळी ठरलेली गोष्ट होती, डिझायनरने काम केलं की कार्ट्रिज उचलायची आणि प्रेसला द्यायची.

आपल्याकडेही पेठांमधल्या डीटीपीवाल्यांची तीच अडचण होती. मजकूर फ्लॉपीत मावायचा, पण एक रंगीत मुखपृष्ठ स्कॅन केलं की वीस-तीस एमबी सहज व्हायचं आणि ते प्रोसेसवाल्याकडे फिल्म काढायला न्यायचं तर एआरजे किंवा पीकेझिप असल्या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने तुकडे करून पंधरा-वीस फ्लॉप्या भरायच्या, त्यातली एक जरी तिकडे वाचली गेली नाही की स्कूटर काढून परत दुकानात. ज्या काकांकडून हा ड्राइव्ह माझ्याकडे आला ते नारायण पेठेत डीटीपी करायचे, आणि ही दगदग वाचवायला त्यांनी हा ड्राइव्ह घेतला होता. दोन-तीन प्रोसेसवाल्यांकडे झिप होता, सायक्वेस्ट नव्हता, म्हणून काका ड्राइव्हच उचलून घेऊन जायचे आणि तिथल्या पीसीला पॅरलल केबल लावायचे. पॅरलल पोर्टचं हेच मोठं होतं, ड्राइव्ह जोडायचं वेगळं स्कझी कार्ड लागायचं नाही, पीसी उघडायला लागायचा नाही, प्रिंटरची केबल काढायची आणि ही लावायची. फक्त ड्रायव्हरची फ्लॉपी बरोबर न्यायची. काका म्हणाले ती फ्लॉपी शर्टाच्या खिशात असायची. आता ती कुठे आहे ते त्यांनाही माहीत नाही.

कंपनीकडे मागावी म्हटलं तर कंपनी कुठली. सायक्वेस्टने १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्या वर्षी आयोमेगाने तिची मालमत्ता घेतली, आयोमेगाला २००८ मध्ये ईएमसीने घेतलं, २०१३ मध्ये त्या धंद्याचं लेनोव्होईएमसी झालं आणि २०१६ मध्ये ईएमसी स्वतःच डेलमध्ये गेली. या साखळीत कुठेतरी त्या ड्रायव्हरचा कॉपीराइट असणार, पण फोन उचलून "अहो ती फाइल द्या ना" असं म्हणावं असा माणूस कुणीच नाही.

आता मुळात हा ड्रायव्हर करतो काय ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय शोधायचं काय हेच कळत नाही. पॅरलल पोर्ट प्रिंटरसाठी बनवलेला. डेटा जायला आठ तारा, आणि प्रिंटरकडून परत यायला फक्त पाच, त्याही "कागद संपला", "बिझी आहे" असल्या निरोपांसाठी. त्यामुळे जुन्या साध्या पोर्टवर डेटा उलटा वाचायचा तर त्या स्टेटसच्या तारांवरून चार-चार बिट करून आणावा लागतो, त्याला निबल मोड म्हणतात, एका बाइटला दोन फेऱ्या. सेकंदाला पन्नास केबीच्या आसपास. पुढे ईपीपी आणि ईसीपी मोड आले, १९९४ मध्ये आयईईई १२८४ स्टँडर्डने ते पक्के केले आणि वेग एमबीच्या घरात गेला. ड्रायव्हरला हे सगळे मोड येत असायला लागतात, पोर्ट कुठला आहे ते ओळखून त्यातला चालेल तो निवडायला लागतो.

आणि ड्राइव्हच्या पाठीमागे दुसरा पोर्ट असतो प्रिंटर लावायला. म्हणजे एकाच केबलवर ड्राइव्ह आणि प्रिंटर दोघं. मग ड्राइव्हला कळणार कसं की हा डेटा माझा आहे, प्रिंटरचा नाही? त्यासाठी ड्राइव्हमधल्या चिपला आधी ठराविक बाइट्सची एक माळ पाठवायची, दारावर ओळखीची टकटक करावी तशी, ती ऐकली की चिप प्रिंटरला बाजूला करून लाइन स्वतःकडे घेते. ती टकटक माहीत नसेल तर ड्राइव्हसमोर तुम्ही कितीही बाइट ओता, त्याला ढिम्म फरक पडत नाही. हरवतं ते खरं तर हेच.

खोकं उघडलं. हा स्क्रू काढायचा टप्पा मी कधीच टाळत नाही, कारण वर लावलेलं कंपनीचं नाव आणि आतली चिप यांचा बरेचदा काही संबंध नसतो. आत निघाली शटल टेक्नॉलॉजी नावाच्या ब्रिटिश कंपनीची चिप, ईपॅट. बाजूला जो ड्राइव्ह आहे तो आतून चक्क साधा आयडीई ड्राइव्ह, पीसीच्या आत हार्ड डिस्क जोडतात त्याच पद्धतीचा, आणि ईपॅट म्हणजे पॅरलल पोर्ट आणि आयडीई यांच्यामधली दुभाषी. हे कळलं आणि अर्धं काम झालं, कारण हीच चिप अव्हाटार शार्क या ड्राइव्हमध्ये आहे, इमेशनच्या एलएस-१२० सुपरडिस्कच्या पॅरलल मॉडेलमध्ये आहे. ड्राइव्ह दुर्मिळ असतो, चिप तेवढी दुर्मिळ नसते. म्हणून ड्राइव्हच्या नावाने शोधून काही मिळालं नाही तर चिपच्या नावाने शोधायचं. मागच्या स्टिकरवर एफसीसी आयडी, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी मंजुरीचा नंबर, असेल तर तोही टिपून घ्यायचा, त्यातल्या पहिल्या अक्षरांवरून ती मंजुरी कुठल्या कंपनीने घेतली ते समजतं.

आणि चिपच्या नावाने शोधलं की तुम्ही थेट लिनक्स या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात जाऊन पोचता. ग्रँट गंथर नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात पॅराइड नावाचा ड्रायव्हरांचा संच लिहिला. झिपच्या पॅरलल ड्राइव्हचा लिनक्स ड्रायव्हरही मुळात त्याचाच, १९९५ चा. पॅराइडची रचना मला फार आवडते. त्याने ओळखलं की ही सगळी खोकी आतून साधे आयडीई ड्राइव्ह आहेत, वेगळी आहे ती फक्त मधली चिप, म्हणून त्याने चिपचा भाग आणि ड्राइव्हचा भाग असे वेगळेच ठेवले. एका चिपसाठी एक छोटी फाइल. माहितीच्या फाइलमध्ये चिपांची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे देश लिहिलाय, इंग्लंडची शटल, तैवानची किंगबाइट आणि डेटास्टोर, सिंगापूरची केटी टेक्नॉलॉजी, जर्मनीची फ्रीकॉम, हाँगकाँगची एटेन, अमेरिकेची मायक्रोसोल्यूशन्स. यातल्या कितीतरी चिपांचं कामकाज आज जगात सार्वजनिकपणे लिहिलेलं असेल तर ते फक्त त्या फायलींमध्येच आहे असं मला वाटतं.

ईपॅटची फाइल उघडली की ती टकटक तिथे हेक्स आकड्यांत सरळ लिहिलेली आहे, २२, एए, ५५, ००, एफएफ, ८७, ७८, आणि मग कमांड. मी ती ओळ वाचली तेव्हा खरंच आनंद झाला, ती ओळ आहे म्हणून हे सगळे ड्राइव्ह जिवंत आहेत.

पॅराइड पुढे म्हातारा झाला, लिनक्सच्या ६.३ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, त्याला काढून टाकलं. पण वाऱ्यावर नाही सोडलं. ओंद्रेय झारी या डेव्हलपरने त्याच चिपांच्या फायली घेऊन पाटा-पारपोर्ट नावाचा नवा ड्रायव्हर लिहिला, जो लिनक्सच्या आजच्या आयडीई-साटा यंत्रणेत बसतो. म्हणजे १९९५ च्या ड्राइव्हसाठी कुणीतरी नवा ड्रायव्हर लिहिला आणि २०२३ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घेतलाही गेला. अशा कामाला टाळ्या कुणी वाजवत नाही, म्हणून मी इथे वाजवतो.

त्यासाठी खरा पॅरलल पोर्ट मात्र लागतो. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल केबल चालत नाही, तिला फक्त प्रिंटरची भाषा येते, एकेक तार वर-खाली करायला ती देत नाही. पीसीच्या आत बसवायचं पीसीआय कार्ड चालतं. पण त्यातही गोम आहे, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर पोर्ट शोधतात ते ठरलेल्या तीन पत्त्यांवर, २७८, ३७८ आणि ३बीसी, आणि पीसीआय कार्ड बसतं भलत्याच पत्त्यावर. लिनक्सला ते सापडतं, डॉसच्या ड्रायव्हरला सापडत नाही. म्हणून लिनक्सचं काम कार्डवर आणि डॉसचं काम जुन्या ४८६ पीसीवर असं मी वाटून घेतलं.

आधी काकांच्या कार्ट्रिज वाचून घेतल्या. याचा क्रम बदलू नका, कृपा करून. सापडलेला, डागडुजी केलेला ड्रायव्हर पहिल्यांदा चालवायचा तो कोऱ्या कार्ट्रिजवर, ज्यात कुणाचं काम आहे तिच्यावर नाही. आणि कार्ट्रिज घालायच्या आधी शटर सरकवून टॉर्चच्या उजेडात तबकडी बघायची, आपल्या पावसाळ्यात बुरशी कशाला सोडत नाही, बुरशीचा एक डाग हेडखाली आला की तबकडी जाते आणि ते हेड मग पुढच्या कार्ट्रिजलाही खातं. चांगल्या दिसल्या तेवढ्याच घातल्या, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने त्यांच्या अख्ख्या इमेज, म्हणजे हुबेहूब प्रती, घेतल्या. निबल मोडला एक कार्ट्रिज म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, ईपीपी लागला की काही मिनिटांत. आत लग्नपत्रिका, लेटरहेड, एका दिवाळी अंकाची जवळजवळ सगळी पानं, पेजमेकरमध्ये लावलेली. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असल्यामुळे फॉन्ट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो, तो वेगळाच विषय आहे आणि त्यावर वेगळं लिहायला लागेल.

मग मित्र म्हणाला, झालं की काम, डेटा आला, आता डॉसचा ड्रायव्हर कशाला पाहिजे? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय आणि माझं उत्तर पक्कं आहे. लिनक्सचा ड्रायव्हर सेक्टर वाचतो-लिहितो. मूळ ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरची टूल्स यात त्या कंपनीच्या इंजिनियरांनी काय-काय हाताळलं होतं ते सगळं असतं, कार्ट्रिज बदलली हे ओळखणं, मोटर झोपवणं, कारखान्यातून येते तशी फॉरमॅट करणं, कुठल्या खराब चिपसेटवर कुठला मोड टाळायचा. आणि ज्याला १९९५ चा पीसी १९९५ सारखाच चालवायचाय, विंडोज ३.१ वर पेजमेकर उघडून ड्राइव्हचं अक्षर दिसायला हवंय, त्याला लिनक्सचा उपयोग शून्य. वस्तू जपायची तर ती ज्या सॉफ्टवेअरबरोबर विकली गेली त्याच्यासकट जपायला पाहिजे.

तर शोध. पहिली जागा अर्थातच वेबॅक मशीन, इंटरनेट अर्काइव्हचं. त्यांनी वेब साठवायला सुरुवात केली १९९६ मध्ये, म्हणजे सायक्वेस्टच्या हयातीत, आणि साइटची पानं आहेत तिथे, डाउनलोडचं पानही आहे, पण लिंकवर क्लिक केलं की फाइल नाही. हे फार ठिकाणी होतं. त्या काळी कंपन्या फायली एफटीपी सर्व्हरवर ठेवायच्या आणि साठवणारा रोबो साध्या वेबपानांवरून फिरायचा, एफटीपीत शिरायचा नाही. तरी ते पान वाया जात नाही! त्यावर फाइलची नावं असतात, आठ अक्षरी डॉसची नावं, आवृत्तीचा नंबर, कधी-कधी साइझ. शोधायला हत्यार मिळालं.

नाव मिळालं की पुढची जागा म्हणजे जुन्या सीड्या. नव्वदच्या दशकात शेअरवेअरच्या, ड्रायव्हर कलेक्शनच्या सीड्या ढिगाने निघाल्या, मासिकांबरोबर फुकट यायच्या, आपल्याकडे चिप, पीसीक्वेस्ट यांच्याबरोबर आलेल्या सीड्या अजून कितीतरी घरांत टीव्हीच्या खणात असतील. टेक्स्टफाइल्स या साइटच्या जेसन स्कॉटने अशा सीड्या वर्षानुवर्षं गोळा करून ठेवल्यात, आणि २०२२ पासून डिस्कमास्टर नावाचं सर्च आहे जे त्या सीड्यांच्या, त्यातल्या झिप फायलींच्या, झिपमधल्या झिपच्याही आत जाऊन नाव शोधतं. कागदपत्रं हवी असतील तर बिटसेव्हर्स, अल कॉसो यांचं, तिथे ड्राइव्हची मॅन्युअलं स्कॅन करून ठेवलेली सापडतात. डिस्कमास्टरवर मला बाकी बरंच मिळालं, शटलच्या इतर ड्राइव्हचे ड्रायव्हर मिळाले, पण ईझेडच्या पॅरललची जी आवृत्ती मला हवी होती ती मिळाली नाही.

मग काकांचा पीसी. तो विकला नव्हता, मॉनिटर गेला म्हणून कोपऱ्यात होता. ४२० एमबीची हार्ड डिस्क, डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१. एवढी जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरला बरेचदा दिसत नाही, त्या अडॅप्टरांना एलबीए, म्हणजे सेक्टरला सरळ क्रमांकाने बोलवायची पद्धत, लागतं आणि जुन्या डिस्कांना ते येत नाही, म्हणून जुन्याच मदरबोर्डच्या आयडीईला जोडून तिची पूर्ण इमेज काढली आणि डिस्क उचलून ठेवली. पुढचं सगळं इमेजच्या कॉपीवर.

कॉन्फिग.सिस, म्हणजे सुरू होताना कुठले ड्रायव्हर घ्यायचे ते डॉसला सांगणारी फाइल, उघडली आणि एक ओळ मिळाली जिच्या आधी आरईएम लावून ती बंद केलेली. डिव्हाइस इज इक्वल टू, सी ड्राइव्ह, एक फोल्डर, फाइलचं नाव. फोल्डर मात्र डिस्कवर नव्हता, काकांनी ड्राइव्ह वापरायचं थांबवल्यावर कुणीतरी जागा करायला उडवला होता.

डॉसमध्ये फाइल डिलीट केली म्हणजे काय होतं ते माहीत असेल तर इथे हुरूप येतो. फाइल पुसली जात नाही. डिरेक्टरीत तिची ३२ बाइटची नोंद असते, त्यातलं नावाचं पहिलं अक्षर बदलून ई५ करतात, आणि फॅट नावाच्या टेबलमध्ये तिचे क्लस्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे ठोकळे, मोकळे म्हणून लिहितात, बस. नावाची बाकीची अक्षरं तिथेच, साइझ तिथेच, पहिल्या क्लस्टरचा नंबर तिथेच. फक्त पहिलं अक्षर गेलेलं, आणि ते तर कॉन्फिग.सिसच्या त्या ओळीत होतं. साखळी गेलेली असते, म्हणजे पहिल्यानंतर दुसरा क्लस्टर कुठला ते कळत नाही, पण या साइझच्या डिस्कवर क्लस्टर असतो ८ केबीचा, वीसेक केबीची फाइल म्हणजे तीन-चार क्लस्टर, आणि फ्लॉपीवरून कॉपी झालेली छोटी फाइल बहुतेक वेळा सलगच बसते.

क्लस्टर काढले. सुरुवात बघितली, एफएफ एफएफ एफएफ एफएफ. डॉसच्या डिव्हाइस ड्रायव्हरची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, ही पुढच्या ड्रायव्हरची जागा असते जी डॉस नंतर भरतो, मग दोन बाइट गुणधर्मांचे, मग दोन पत्ते, एक स्ट्रॅटेजी रुटीनचा आणि एक इंटरप्टचा. दोन्ही पत्ते फाइलच्या आतच पडत होते. आत थोडं पुढे कंपनीचं नाव, कॉपीराइटची ओळ, आवृत्ती. आणि शेवटच्या क्लस्टरमध्ये कोरल ड्रॉच्या कुठल्यातरी फाइलचा तुकडा. तेवढा एक क्लस्टर नंतर दुसऱ्या कुणी वापरला होता.

शेवटचाच भाग जावा हे फार वाईट. डॉसच्या ड्रायव्हरमध्ये सुरुवातीला एकदाच चालणारा कोड, पोर्ट शोधायचा, ड्राइव्ह ओळखायचा, हा सगळा मुद्दाम फाइलच्या शेवटी ठेवतात, कारण ते काम झालं की तेवढी मेमरी परत देता येते, ६४० केबीच्या जमान्यात एकेक केबीला किंमत होती. म्हणजे जे गेलं ते नेमकं असं की त्याच्याशिवाय ड्रायव्हर उठणारच नाही.

पण इन्स्टॉलर बऱ्याचदा आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये फायली काढतात आणि मग जागेवर कॉपी करतात, म्हणजे डिस्कवर तीच फाइल आणखी एकदा कुठेतरी पडून गेलेली असू शकते. म्हणून नाव, डिरेक्टरी सगळं विसरून फाइलचे पहिले काही बाइट घेतले आणि ते अख्ख्या इमेजमध्ये शोधले. नोंद नाही, नाव नाही, नुसता मोकळ्या जागेत पडलेला मजकूर, पण सापडला, आणि या वेळी शेवटपर्यंत होता. दोन्ही प्रतींचे आधीचे क्लस्टर बाइट-बाइट जुळवले, एक बिटही वेगळा नाही, म्हणजे दुसऱ्या प्रतीचं शेपूट याच आवृत्तीचं आहे यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. साइझ डिरेक्टरीतल्या नोंदीवरून कापला.

मग तो घिड्रात टाकला. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलेलं हे टूल १६ बिटचा जुना कोडही उलगडून दाखवतं. सगळा कोड वाचायची गरज नव्हती, पोर्टवर बाइट पाठवायची जी सूचना आहे, ईई, ती कुठे-कुठे येते तेवढं बघत गेलो, आणि एका रुटीनमध्ये ओळीने २२, एए, ५५, ००, एफएफ, ८७, ७८. ग्रँट गंथरच्या फाइलमध्ये जी माळ आहे तीच. एकीकडे कंपनीचा बंद ड्रायव्हर, एकीकडे बाहेरच्या एका माणसाने लिहिलेला मोकळा कोड, आणि दोघांची टकटक एक. त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही, घरच्यांनी दोनदा हाक मारली.

४८६ वर, कोरी कार्ट्रिज घालून, कॉन्फिग.सिसमध्ये ओळ टाकून बूट केलं. कंपनीचं नाव स्क्रीनवर आलं, पोर्ट सापडला, ड्राइव्हला डी अक्षर मिळालं. फायली लिहिल्या, वाचल्या, त्याच कार्ट्रिजची इमेज लिनक्सवर घेऊन पडताळल्या. काकांना बोलावून विंडोज ३.१ वर त्यांचाच दिवाळी अंक त्यांच्याच ड्राइव्हवरून उघडून दाखवला, इमेजवरून नवीन कार्ट्रिजवर उतरवलेला. काकांनी आधी पान नंबर बघितले, मग म्हणाले अठराव्या पानावरची जाहिरात शेवटच्या दिवशी बदलली होती, यात जुनीच आहे, म्हणजे ही फायनल कॉपी नव्हे.

एक गोष्ट या निमित्ताने ठासून सांगायची आहे. ज्यांच्याकडे मूळ फ्लॉपी आहे ते लोक बहुधा त्यातली एक .सिस फाइल कॉपी करून कुठेतरी टाकतात. तसं करू नका. अख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या. रीडमी फाइल असते, तिच्यात कुठल्या पीसीवर काय अडतं ते लिहिलेलं असतं, इन्स्टॉलर असतो, फायलींच्या तारखा असतात, चिपच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी वेगवेगळे ड्रायव्हर असतात. ईपॅटच्याच घराण्यात पुढे सी७, सी८ अशा नवीन चिपा आल्या आणि त्यांच्यासाठी लिनक्समध्येही वेगळी सोय करावी लागली, नुसती एक फाइल ठेवली तर नंतर कुणाला कळणारच नाही की ही कुठल्या चिपसाठी. फ्लॉपी नीट वाचली जात नसेल तर ग्रीझविझल नावाचं स्वस्त बोर्ड घ्या, ते साध्या फ्लॉपी ड्राइव्हला लागतं आणि सेक्टर न वाचता तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, अनेक फेऱ्यांमध्ये, मग त्यातून जमेल तेवढं सॉफ्टवेअरने जुळवता येतं. फ्लॉपीचा फोटोही काढा, लेबलवरचा पार्ट नंबर महत्त्वाचा असतो.

झिपचं उदाहरण घ्या. सर्वांत जास्त खपलेला हा ड्राइव्ह, पण पॅरलल झिपबरोबर जी फ्लॉपी यायची ती फक्त दरवाजा उघडायला होती, गेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम, आणि बाकी सगळं सॉफ्टवेअर एका झिप डिस्कवरच दिलेलं असायचं. ती टूल्स डिस्क १०० एमबीची, महागाची, लोकांनी ती पुसून कामाला वापरली यात नवल काही नाही. गेस्ट आज कुठेही मिळेल, टूल्स डिस्कच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तेवढ्या सहज नाही. आणि अगदी जुन्या ८०८८ च्या मशीनवर कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही, तिथे पामझिप नावाचा शेअरवेअर ड्रायव्हर उपयोगी पडतो, तोही कुणा एकट्या माणसाने लिहिलेला.

मॅकवाल्यांचं मात्र वेगळं होतं आणि मला ती रचना जास्त शहाणपणाची वाटते. जुन्या स्कझी मॅकमध्ये ड्रायव्हर डिस्कवरच असतो. डिस्कच्या पहिल्याच ब्लॉकमध्ये ईआर अशी दोन अक्षरं आणि ड्रायव्हर कुठे आहे त्याचा पत्ता, मशीन सुरू होताना रॉम तो ब्लॉक वाचतो, तिथून ड्रायव्हर उचलतो आणि चालवतो. म्हणजे मॅकवर फॉरमॅट केलेल्या प्रत्येक सायक्वेस्ट कार्ट्रिजच्या पोटात तिचा स्वतःचा ड्रायव्हर बसलेला आहे. कार्ट्रिजची पूर्ण इमेज घेतली की ड्रायव्हर आपोआप हातात येतो, म्हणून मॅकच्या कार्ट्रिज मिळाल्या तर नुसत्या फायली ओढून घेऊ नका, पहिल्या ब्लॉकपासून घ्या.

काकांच्या ड्रायव्हरची फाइल, तो कुठून आणि कसा काढला याची टिपणं, चिपचा आणि बोर्डचा फोटो असं सगळं एकत्र इंटरनेट अर्काइव्हवर टाकलंय. त्यात काकांच्या गिऱ्हाइकांचं काही नाही, हार्ड डिस्कची इमेज माझ्याकडेच आहे आणि ती बाहेर जाणार नाही, त्यात लोकांच्या पत्रिका आहेत, पत्ते आहेत.

आता टेबलावर मायक्रोसोल्यूशन्सचा बॅकपॅक नावाचा ड्राइव्ह आहे, एका दवाखान्यातून आलेला. या कंपनीबद्दल मला आदर आहे, डिकॅल्ब, इलिनॉयची छोटी कंपनी, तिने २००१ मध्ये आपल्या सहाव्या सीरिजच्या चिपचा लिनक्स कोड स्वतःच्या नावाने जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली देऊन टाकला, आणि आज पाटा-पारपोर्टमध्ये तो कोड आहे. मी उघडलेला मात्र त्याआधीच्या सीरिजचा वाटतोय, म्हणजे तिथे पुन्हा गंथरचीच फाइल. डॉसची फ्लॉपी बरोबर नाही. पॉवर सप्लायही नाही, पण खोक्यावर व्होल्टेज छापलंय, तेव्हा आधी तो करतो. कुणाकडे बॅकपॅकची फ्लॉपी असेल, चालत नसली तरी, तर फेकू नका, मला कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.